तारा म्हणजे सगळे

रात्रीचे पावणेदोन.
दत्तनगरच्या बोळात आज पाचव्या दिवशीचं पाणी,
म्हणून बायका जाग्या, घागरी रांगेत.
मीही जागी, पण माझ्यापुढे
काळी खिडकी
आणि तिच्यात लुकलुकणारी एक दांडी.

तीनशे बारा फाइली.
बालनरसू येमूल यांनी चौकटीच्या कागदावर
ब्रशच्या शेंड्याने भरलेले चादरीचे नक्शे:
मोर, जाई, शंकरपाळी,
दुबईच्या कुणा गिऱ्हाइकासाठी एक विमानसुद्धा.
एक चौकट म्हणजे एक दोरा.
लाल असेल तर उचल, पांढरी असेल तर सोड.
मी ते सगळे स्कॅन करून ठेवले, टिफमध्ये,
एकेक फाइल भिजलेल्या चादरीएवढी जड.

एमआयडीसीतल्या नव्या जकार्डाला टिफ चालत नाही.
त्याला बीएमपी लागते, दोनच रंगांची.
मालक म्हणाले, "एकेक उघडत बसलीस
तर दिवाळी उजाडेल बे."
म्हणून मी हे शिकले, माउसला हात न लावता
लिहून सांगायचं.
आधी आज्ञेचं नाव, मग आडव्या रेघेमागे अट,
शेवटी तारा, टिंब, टिफ.
तारा म्हणजे सगळे.
एवढ्याशा चांदणीत
चाळीस वर्षांचं काम मावतं,
हे मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

म्हटलं, आधी 'मोर' फोल्डरवर चालवून बघू, नऊच आहेत.
तेवढ्यात नळ फुसफुसला. आई ओरडली, "अनसू, आलं गं!"
आकार लहान कर, एवढं लिहिलं.
कोणत्या फॉरमॅटात, ते राहिलं.
एंटर दाबून पळाले.

ते राहिलं, की ही आज्ञा नवी प्रत करत नाही,
आहे त्याच्यावरच लिहिते.
विचारत नाही, खरंच का म्हणून.
सहा घागरी भरून आले
तर नऊ मोर नखाएवढे.
ताणून मोठे केले:
चौकटी एकमेकींत विरघळलेल्या,
कच्च्या रंगाच्या धुण्यासारख्या.

आणि कागद?
कागद मार्चमध्येच रद्दीत गेले.
"आता कॉम्प्युटरात हाय की," म्हणत
त्यांनीच घातले, साडेचार किलो.

सकाळी गेले. नरसूकाका कडक भाकरी चुरत होते.
ऐकून घेतलं. चटणीवर तेल ओतलं.
"बाकीचे तीनशे तीन?"
"नीट आहेत."
मग हात धुतले, डोळे मिटले,
मांडीवर बोटं ठेवली जशी फणीवर ठेवतात.
"लिही. रेंडु उचल. मूडु सोड.
ओकटि उचल. नालुगु सोड."
मोजायचे तेलुगूत, उचलायचे मराठीत.
मी लिहीत गेले, एक एक, शून्य शून्य शून्य, एक.
मध्येच थांबायचे. मला वाटायचं विसरले.
विसरले नव्हते, ओळ बदलत होते.

दुपारी तीनपर्यंत एक मोर पुरा झाला.
दुसऱ्याची मान आली, तुरा आला,
मग बोटं मांडीवरच राहिली.
"पुढचं नाय येत.
पाय आठवतायत, पण ते जाईच्या चादरीतल्या हरणाचे."

रात्री पुन्हा बसले. आधी सगळ्याची वेगळी प्रत,
तिचं नाव 'हात लावू नये'.
मग आज्ञा, अट, फॉरमॅट, दोनदा वाचून,
तारा.
खिडकी काही बोलली नाही. म्हणजे झालं.

त्या मानेचीही फाइल केली.
खालचं सगळं पांढरं ठेवलं. सोड, सोड, सोड.
जकार्डाने कुरकुर न करता विणलं:
तुरा, मान,
आणि खाली पाऊण हात कोरं कापड.
"हे काय?" मालकांनी विचारलं.
मी म्हटलं, चाचणी.
तुकडा त्यांनी टाकून दिला नाही.
घाम पुसायला खांद्यावर टाकला
आणि दुसऱ्या मागाकडे गेले.